पॅकेजच्या बाहेरचा आकडा

मूल होत नव्हतं म्हणून पहिल्या दवाखान्यात आमचे तीन आययूआय झाले आणि तिन्ही फसले. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल पुढून मागे, मागून पुढे चाळली आणि विचारलं, "नळ्यांचा रिपोर्ट कुठंय?"

तो नव्हताच. कुणी करायला सांगितलं नव्हतं आणि आम्हाला विचारायचं सुचलं नव्हतं. एचएसजी केली, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढला, तर दोन्ही बीजवाहक नळ्या बंद. आययूआयमध्ये शुक्राणू गर्भाशयात सोडतात खरे, पण स्त्रीबीजाशी त्यांची गाठ पडते ती नळीत. नळीच बंद असेल तर तीनच काय, तीस वेळा केलं असतं तरी तेच. पैसे गेलेच, वर दहा महिने गेले. मी छत्तीस वर्षांची होते. या वयात दहा महिने पैशांपेक्षा महाग पडतात.

त्या संध्याकाळी मी एक कोरी वही काढली आणि चार रकाने आखले : काय, किती, कधी भरायचे, आणि 'नाही केलं तर?' हा चौथा रकाना रागाच्या भरात आखला होता. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

आता उरला होता आयव्हीएफ, म्हणजे बीज आणि शुक्राणू लॅबमध्ये एकत्र आणून तयार झालेलं भ्रूण गर्भाशयात सोडणं. पॅकेज म्हणून जो आकडा सांगितला, त्यात सोनोग्राफ्या, बीजं काढणं, लॅबचं काम आणि एक ट्रान्स्फर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) एवढंच होतं. बीजं वाढवायची इंजेक्शनं बाहेर. रक्ततपासण्या बाहेर. भ्रूण गोठवणं, त्याची वर्षाची साठवणूक, पुढे ते परत सोडणं, सगळं बाहेर. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, हे सगळं ओळीओळीने लिहून द्या. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आत जाऊन विचारून आली आणि दिलं लिहून. पॅकेजचा आकडा १०० धरला तर आमचा पहिल्या सायकलचा, म्हणजे इंजेक्शनांपासून ट्रान्स्फरपर्यंतच्या एका फेरीचा, खर्च १६० च्या पुढे गेला. त्यात रजा आणि येण्याजाण्याचं भाडं धरलेलं नाही. पण धक्का बसला नाही, कारण तो कागद आधीच वहीत चिकटवलेला होता.

चौथ्या रकान्यामुळे दोन ओळी खोडल्या गेल्या. एक इक्सीची. यात एकेक शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात. या पद्धतीने पहिली बाळं १९९२ साली जन्मली आणि शुक्राणू कमी किंवा अशक्त असलेल्या जोडप्यांना तिचा फार मोठा आधार झाला. पण नवऱ्याचे रिपोर्ट चांगले होते. "नाही केली तर?" विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "तुमच्या केसमध्ये साधं आयव्हीएफ चालेल. क्वचित एकही बीज फळत नाही, तेवढा धोका आहे." आम्ही तो घेतला.

दुसरी ओळ 'एंडोमेट्रियल स्क्रॅच'ची. गर्भाशयाचं अस्तर थोडं खरवडलं की भ्रूण चांगलं रुजतं, असा समज. १३६४ स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. स्क्रॅच केलेल्या आणि न केलेल्या, दोन्ही गटांत बाळ झालेल्यांचं प्रमाण २६.१ टक्केच निघालं. डॉक्टरांना दाखवलं तर ते हसले आणि म्हणाले, "खोडा." (मग लिहिलं होतं कशाला, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.)

इंजेक्शनांत मात्र आम्हीच शिकाऊ. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, दोन ते आठ अंशांत, भाजीपासून लांब डब्यात इंजेक्शनचं पेन ठेवलेलं. पेन ९०० युनिटचं, रोजचा डोस २००. चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या रात्री २०० वर फिरवून टोचलं, तर खिडकीतला आकडा शून्यावर येण्याऐवजी १०० वर अडकला. नवरा म्हणाला, "बिघडलंय, फेकू." सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो ताई, फेकू नका काही! आत १०० होतं, ते गेलं. खिडकीत दिसतंय ते उरलेलं. तेवढंच नव्या पेनातून घ्या." म्हणजे त्या रात्री दोन टोचण्या. पण १०० युनिट वाचली, आणि त्यांची किंमत मला पाठ होती. त्यांनीच आणखी एक सांगितलं होतं : दहा दिवसांचं औषध एकदम उचलू नका, पाचसहा दिवसांनी सोनोग्राफीत फॉलिकल (बीजं वाढतात त्या पिशव्या) बघून डोस बदलतो आणि उघडलेलं सोडा, न उघडलेलंही दुकानदार परत घेईलच असं नाही.

पैसे उभे कसे केले ते सांगते. विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचली, वंध्यत्वावरचे उपचार वगळलेल्या यादीत होते. नवऱ्याच्या कंपनीच्या एचआरला विचारताना त्याला लाज वाटत होती, तीन आठवडे टाळलं त्याने. शेवटी ईमेल केला, तर ग्रुप पॉलिसीत औषधांपुरता थोडा भाग मिळतो असं कळलं. तीन आठवडे आधी विचारलं असतं तर तपासण्यांचाही क्लेम बसला असता. उरलेल्यातला निम्मा भाग ठेव मोडून आणि निम्मा कर्ज काढून. क्रेडिट कार्ड जाणूनबुजून काढलं नाही. कर्ज काढायच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर दोघांनी लिहिलं : बीजं काढणं दोनदाच, तिसऱ्यांदा नाही. आशेवर असताना माणूस हिशेब करत नाही, म्हणून आधी.

तीन सायकलची एक योजनाही सांगितली होती, यश न आल्यास काही रक्कम परत. ऐकायला गोड. पण औषधं त्यातही बाहेर, पहिल्याच वेळी जमलं तर उरलेल्या दोन सायकलचे पैसे बुडाले, आणि 'यश' म्हणजे बाळ की नुसती पॉझिटिव्ह टेस्ट, हे विचारल्यावर उत्तर लांबत गेलं. नाही घेतली. ज्यांना दोनतीन सायकल लागणार हे दिसतंय, त्यांना ती परवडेलही. मात्र 'यश' या शब्दाचा अर्थ लिहून घ्या.

अकरा बीजं निघाली, सात फळली, पाचव्या दिवशी तीन भ्रूणं उरली. मी विचारलं, "दोन एकदम सोडली तर? खर्च तोच ना?" डॉक्टर म्हणाले, "जुळी अपुऱ्या दिवसांची झाली तर एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूचं, बिल बघा, मग खर्च ठरवा." एकच सोडलं, दोन गोठवली. ते पहिलं रुजलं नाही. बीटा एचसीजीचा, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होते. तिथेच बसले. त्याबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या वेळी गोठवलेलं भ्रूण होतं, म्हणून महागडी इंजेक्शनं नाहीत, बीजं काढणं नाही, भूल नाही. खर्च पहिल्याच्या पावपट. आणि ते रुजलं. लेक आता दोन वर्षांची होईल. कर्जाचे अकरा हप्ते बाकी आहेत.

तिसरं भ्रूण अजून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये आहे. गेल्या आठवड्यात साठवणुकीच्या वर्षाच्या फीचा मेसेज आला. वही काढली. काय, किती, कधी, तिन्ही रकाने भरले. 'नाही केलं तर?' वर पेन टेकवून बराच वेळ बसले. नवरा म्हणाला, "अगं, भर यंदाचे. पुढच्या वर्षी बघू." पैसे भरले. रकाना तसाच आहे.