पर्मनंट रेसिडेन्सची तारीख कशी ठरवली: माझा अनुभव

२०१७ साली इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातल्या आम्हा पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोवेकरांमध्ये एक समज पक्का होता. होम ऑफिसकडून (ब्रिटनच्या गृहखात्याकडून) पर्मनंट रेसिडेन्सचा, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याच्या हक्काचा, कागद आला की त्यावरच्या तारखेपासून वर्षभर थांबायचं, मगच ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज करायचा. मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हेच सांगितलं, पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या एका गृहस्थांनीसुद्धा. हे चूक होतं, आणि त्यापायी कितीतरी जण विनाकारण वर्षभर खोळंबले.

पोर्तुगाल युरोपीय संघात, म्हणून आम्हाला युरोपीय नियम लागू होते. त्यांनुसार हा हक्क कोणी मंजूर करून देत नसे. नोकरी, धंदा, शिक्षण असं नियमांत बसणारं काही ना काही करत सलग पाच वर्षं राहिलं, की तो आपोआप लागू होई. कागद म्हणजे त्याची नुसती नोंद. नोव्हेंबर २०१५ पासून नागरिकत्वाच्या अर्जाला तो कागद सक्तीचा झाला, त्यामुळे लोक त्याचीच तारीख धरू लागले. पण बारा महिने मोजायचे ते हक्क मिळाला त्या दिवसापासून. (जोडीदार ब्रिटिश असेल तर तेवढं थांबावंही लागत नाही.)

मी गोव्यातल्या डिचोलीची. वडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवा मुक्तीच्या, आधीचा, म्हणून त्यांची नोंद लिस्बनला झाली आणि पुढे मला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. २०१० मध्ये इंग्लंडला आले. पहिलं वर्ष कॉलेजात गेलं आणि सप्टेंबर २०११ मध्ये एका गोदामात पॅकिंगचं काम लागलं. मग माझी पाच वर्षं २०१५ मध्ये भरली का? नाही. विद्यार्थ्याकडे सर्वंकष आरोग्य विमा हवा, अशी अट होती आणि एनएचएसला (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला) होम ऑफिस विमा मानत नसे. ज्या देशात डॉक्टरकडे नाव घातलं की उपचार फुकट होतात, तिथे नव्याने आलेल्या मुलीला वेगळा विमा काढायचं सुचणार तरी कसं? ही अट मला तेव्हाही अन्यायाची वाटली. मार्च २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयानेच सांगितलं की एनएचएसची सेवा मोफत मिळत असेल तर तेवढं पुरेसं आहे. तोवर माझं काम होऊन गेलं होतं. २०१७ मध्ये मला ते वर्ष सोडूनच हिशेब करावा लागला: सप्टेंबर २०११ ते सप्टेंबर २०१६.

आता पुरावे. इथलं कर वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, म्हणून माझी पाच वर्षं सहा कर वर्षांत विभागली गेली. पी६० (वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला) फक्त ५ एप्रिलला जिथे नोकरीवर असाल ती कंपनी देते. मधेच काम सोडलं तर हाती पी४५ (नोकरी सोडतानाचा दाखला) येतो. मी सुरुवातीला एजन्सीमार्फत काम केलं होतं, ती एजन्सी बंद झालेली आणि आठवड्याच्या पगाराच्या चिठ्ठ्याही अर्ध्याच सापडल्या. एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या कर खात्याकडे) नोकऱ्यांचा इतिहास मागितला. त्यात प्रत्येक मालकाचं नाव आणि तारखा आल्या, तेही फुकट. जिचे कागद हरवलेत तिने आधी हेच करावं. मार्च २०१४ पासून आठवड्याची कमाई ठराविक रकमेपेक्षा (सुरुवातीला १४९ पौंड) कमी असली तर 'हे खरंच काम आहे का' अशी जास्त चौकशी होई, म्हणून कमी तासांच्या आठवड्यांच्या चिठ्ठ्या मी मुद्दाम पुढे ठेवल्या.

पर्मनंट रेसिडेन्सच्या कागदासाठीचा ईईए (पीआर) हा फॉर्म ८५ पानांचा आणि फी ६५ पौंड. २०१७ च्या उन्हाळ्यात कागद आला. त्यावर तो दिल्याची तारीख होती, हक्क कधी मिळाला याचा उल्लेख नव्हता. पण माझे बारा महिने सप्टेंबर २०१७ मध्येच पुरे होत होते.

तरीही मी सप्टेंबरमध्ये नागरिकत्वाचा अर्ज केला नाही, कारण आणखी एक नियम आहे. अर्ज पोचतो त्या दिवसाच्या बरोबर पाच वर्षं आधी तुम्ही देशात हजर असायला हवं. २०१२ ची चवथ (गणेशचतुर्थी) १९ सप्टेंबरला होती आणि मी तेव्हा डिचोलीला होते. त्या दिवसांतली तारीख पडली असती तर फीच्या १,२८२ पौंडांपैकी बहुतेक बुडण्याची वेळ आली असती. युरोपीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये शिक्का मारत नसत, त्यामुळे माझं जाणं-येणं सिद्ध केलं ते गोव्याच्या दाबोळी विमानतळावरच्या इमिग्रेशनच्या शिक्क्यांनी. पाच वर्षांत ४५० आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही, तो हिशेबही त्याच शिक्क्यांवरून मांडला. परत आल्याच्या तारखेनंतर पुरेसं अंतर ठेवून ऑक्टोबरमध्ये अर्ज पाठवला.

सोबत एक पानाचं पत्र जोडलं. काम कधी सुरू झालं, पाच वर्षं कधी भरली, त्यानंतरचे बारा महिने कधी पुरे झाले आणि कोणत्या तारखेला कोणता कागद आधार आहे, एवढंच त्यात होतं. सगळ्यात जास्त मेहनत मी या पानावर घेतली. फाईल बघणाऱ्याला तारीख शोधत बसावं लागू नये, हा हेतू. नागरिकत्वासाठी लागणारी लाइफ इन द यूकेची परीक्षा आधीच झाली होती. अर्ज मंजूर झाला.

आमच्या गल्लीतली एक ताई मात्र हताश होऊन बसली होती. २००६ पासून सलग नोकरी, मग २०१२ मध्ये मुलांसाठी घरी. 'माझी पाच वर्षं तुटली गं,' म्हणायची. मी तिच्याबरोबर बसून तिचे जुने पी६० काढले. पाच वर्षं शेवटचीच असायला हवीत असं नव्हतं. तिची २०११ मध्येच भरली होती, आणि एकदा मिळालेला हक्क सलग दोन वर्षांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं तरच जाई. ती तर स्विंडनमध्येच होती. तिने २००६ ते २०११ चे कागद लावले आणि तिलाही कागद मिळाला.

ब्रेक्झिटमुळे ३० जून २०२१ नंतर ते कागद बाद झाले, आता त्यांच्या जागी सेटल्ड स्टेटस (कायम राहण्याची नवी परवानगी) चालतं. त्याला आरोग्य विम्याची अट नाही. नागरिकत्वासाठी पाच वर्षं आधीच्या त्या एका दिवसाची अट मात्र अजून आहे, म्हणून अर्जाची तारीख ठरवण्याआधी जुने शिक्के आणि तिकिटं काढून बघा.