टाकीत आधी पाणी

रविवार, रात्री साडेनऊ

अमरावतीहून भंगारात घेतलेला 2 एचपीचा, टाकीत हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर काल सुरू झाला. दोन आठवडे एकच दुखणं होतं. टाकी रिकामी असली की मोटर झकास सुटायची. भरून बंद झाली की दुसऱ्यांदा नुसती घुमायची. मोटरला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर बदलून पाहिला, फरक नाही. मग आवाजाकडे लक्ष गेलं. मोटर थांबल्यावर प्रेशर स्विचखालून (टाकी भरली की मोटर बंद करतो तो) क्षणभर फुस्स होऊन थांबायला पाहिजे, इथं ते चालूच राहायचं. नॉन-रिटर्न वॉल्व्हनं हवा टाकीकडे एकाच दिशेनं जाऊ द्यायची असते, पण टाकीतली हवा त्यातूनच उलटी येऊन पिस्टनच्या डोक्यावर बसत होती. वॉल्व्हच्या सीटवर काजळीचा हा थर! त्यात शेतातले पंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज 180 वर येतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो, म्हणजे 230 च्या मानानं 60 टक्केच उरतो. तेवढ्यात ती भार कसा उचलणार?

पण मला रात्रभर झोप आली नाही ती टाकीमुळे. हवेतलं पाणी तळाशी साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरचा रंग तसाच राहतो. माझी पोरं त्याच खोलीत खेळतात.

म्हणून टाकी पाण्याच्या दाबानं तपासायला आज सकाळी शेजाऱ्यांचा संत्र्याच्या फवारणीचा, जास्त दाबाचा एचटीपी पंप आणला. टाकीची बाकी तोंडं प्लग लावून बंद केली, वरचं एकच उघडं ठेवून काठोकाठ पाणी भरलं. आई ओट्यावरून म्हणाली, "हवेच्या मशीनीत पानी कायले भरतं रे?" तिला सांगितलं, पाणी दाबलं जात नाही, टाकी फुटलीच तर पाण्याचा दाब लगेच उतरतो, दाबलेली हवा मात्र पत्रा उडवते. हवा अजिबात आत राहू द्यायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. तिनं पोरांना हाताला धरून घरात नेलं.

टाकीच्या पट्टीवर दाब 10 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) लिहिलंय, म्हणून दीडपट, 15 किलोपर्यंत हळूहळू चढवलं. अर्धा तास काटा हलला नाही. तळाची वेल्डिंग बोटानं चाचपून पाहिली, कोरडी. गळती निघाली असती तर ठिगळ लावलं नसतं, टाकी सरळ भंगारात दिली असती.

पाणी सोडलं तेव्हा आधी तांबडं आलं, तिसऱ्यांदा भरल्यावर नितळ. टाकी अंगणात पालथी ठेवली आहे. उद्या नवा सेफ्टी वॉल्व्ह लावायचा, स्विच 7 किलोवर बंद होईल असा ठेवायचा. तळाच्या नळाची चकती झिजली आहे, तीही बदलायची.