पणजोबा बसऱ्याहून परत कसे आले?

पणजोबांबद्दल आमच्या घरात दोनच गोष्टी पक्क्या होत्या. ते पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला गेले आणि लंगडत परत आले. तिसरी गोष्ट गावात बोलली जायची, ती मला आत्याआजीनं फार उशिरा सांगितली. सगळी पलटण तुर्कांच्या कैदेत गेली, मग हा एकटाच घरी कसा? पळून आला असणार. आत्याआजी म्हणजे त्यांची धाकटी लेक. नव्वदी ओलांडली तरी हे सांगताना तिचा आवाज चढला. मी शोध घ्यायचा ठरवला तो त्यामुळेच.

सुरुवात पदकांपासून झाली. चुलतकाकांच्या देवघरातल्या कपाटात दोन गोल पदकं होती, एक चांदीचं, एक काशाचं. घरातली सगळी जणं त्यावरचा राजाचा चेहरा आणि पंखवाली देवी बघायची, पण कामाची माहिती असते पदकाच्या कडेवर. भिंग घेऊन कड फिरवत वाचली : क्रमांक, शिपाई हा हुद्दा, नाव आणि पलटण, ११० वी मराठा. आडनाव नव्हतंच, आणि नावही इंग्रजी कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. नुसता क्रमांक हाती असून भागत नाही, कारण त्या काळी प्रत्येक पलटणीचे क्रमांक स्वतंत्र असत. क्रमांक आणि पलटण दोन्ही जुळली तरच माणूस सापडतो. कुणाच्या घरी अशी पदकं असतील तर कृपा करून चिंच लावून घासू नका. कडेची अक्षरं झिजली की सगळं गेलं.

घरात सगळे ‘जंगी पलटण’ म्हणत. जंगी पलटण म्हणजे १०३ वी, आजची पहिली मराठा. पणजोबांची ११० वी वेगळी. १९२२ च्या फेररचनेत ती मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. आजची २ पॅरा ती हीच. हा वंशवृक्ष आधी नीट समजून घ्यावा लागतो, नाहीतर माणूस भलत्याच पलटणीचा इतिहास वाचत राहतो.

आता खरा पेच. ११० वी मराठा सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये, जनरल टाउनशेंडच्या हाताखाली होती. ही डिव्हिजन तायग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमाराला तुर्कांकडून वेढली गेली. ७ डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढा चालला आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यांना वाळवंटातून पायी नेलं, कितीतरी वाटेतच मेले, कितीतरी रास-अल-ऐनच्या रेल्वेच्या कामावर. जे जगले त्यांतले बहुतेक १९१८ च्या युद्धबंदीनंतर सुटले. गावातल्या कुजबुजीचं मूळ इथं होतं. आणि मी गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर काढून बघितलं, तर माझ्या आजोबांची जन्मतारीख १९१७ मधली! म्हणजे पलटण कैदेत असताना पणजोबा घरी होते, यात शंकाच नव्हती.

महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाची मृतांची यादी ऑनलाइन बघता येते. तीत पणजोबा नव्हते, आणि ते अपेक्षितच होतं. जगलेल्या माणसाच्या शोधात अशी यादी फार पुढे नेत नाही, पण मी ती सोडू शकले नाही. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. आमच्या तालुक्यातली गावं ओळीनं दिसू लागली. शेजारच्या गावचा एक शिपाई याच पलटणीचा, १९१६ च्या उन्हाळ्यात गेलेला, नाव बसऱ्याच्या स्मारकाच्या नामावलीत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उत्तर सापडलं ते मुंबईच्या चुलत आत्याकडे, जमिनीच्या कागदांच्या गाठोड्यात. पणजोबांच्या पेन्शनचा कागद. आम्ही सरकारी कार्यालयांत अर्ज करत होतो, एका ठिकाणाहून ‘इतक्या जुन्या नोंदी नाहीत’ असं उत्तरही आलं होतं, आणि हा कागद सातबाऱ्याच्या उताऱ्यांमध्ये घडी घालून पडला होता. माझं सांगणं एवढंच, की आधी नातेवाइकांची गाठोडी बघा, त्यातही लग्न होऊन गेलेल्या लेकींच्या घरची.

कागदावर बापाचं नाव, गाव, उंची, ओळखीच्या खुणा. खुणांच्या रकान्यात डाव्या मांडीची जखम, पुढे जी.एस.डब्ल्यू. ही अक्षरं. बंदुकीच्या गोळीची जखम असा त्याचा अर्थ, पण लष्करी वैद्यकीय कागदांत तोफगोळ्यातल्या छऱ्यांची जखमही त्यातच धरत. आणि त्याखाली ठिकाण आणि तारीख : टेसिफॉन, २२ नोव्हेंबर १९१५.

सगळं त्या एका ओळीत होतं. बगदादच्या खाली टेसिफॉनला डिव्हिजनची सुमारे साडेचार हजार माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि मग माघार सुरू झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणलं, तिथून आगबोटींनी खाली बसऱ्याकडे. कुतचा वेढा पडला तेव्हा पणजोबांसारखे कितीतरी जखमी आधीच खाली गेले होते. पळून येणं दूरच, ते त्या मांडीवर उभेही राहू शकत नसणार.

तो प्रवास सुखाचा नव्हता. मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरनं बसऱ्याला लागणारी ‘मेजिदिये’ ही बोट पाहिली, तेव्हा तिच्या कडांवरून दोरखंड लोंबताहेत असं त्याला लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. जखमी आणि हगवणीनं बेजार झालेली माणसं डेकवर दाटीवाटीनं पडली होती, त्यांना हलवायलाही कुणी नव्हतं. त्यानं हे वरिष्ठांपुढे मांडलं तेव्हा त्यालाच दटावलं गेलं. पुढे मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, या मोहिमेची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या १९१७ च्या अहवालात हे सगळं छापून आलं आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. अहवालाची ती पानं मी सलग वाचू शकले नाही. आमच्या घरात पणजोबांच्या लंगडण्याची नक्कल करून मुलं हसायची, हे आठवून जीव कासावीस झाला.

पेन्शनच्या कागदामागे मोडीत हप्त्यांच्या नोंदी होत्या. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांनी त्या लावून दिल्या. शेवटी ‘मयत’ असा शेरा आणि तारीख. पणजोबांची पुण्यतिथी घरात कुणालाच माहीत नव्हती, ती अशी कळली.

आत्याआजीला मी सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं टेसिफॉनची ओळ पुन्हा वाचायला लावली, मग म्हणाली, “याच्या झेरॉक्स काढ, भावकीत वाट.” वाटल्या. एक प्रत ग्रामपंचायतीतही दिली.

शेजारच्या गावच्या त्या शिपायाचं घर मी शोधलं. त्याच्या भावाची नातवंडं तिथं राहतात. कुणीतरी लढाईवर गेला आणि आला नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आयोगाच्या नोंदीची छापील प्रत त्यांना दिली आहे. त्यांच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे, ती येत्या रविवारी आम्ही मिळून उघडणार आहोत.