पनामाच्या दारांतून

लहानपणी मळ्यात रात्री दारं धरायला जायचो. वाफा भरला की मातीचं दार मोडायचं, पाणी पुढच्या वाफ्यात. पनामा कालव्याच्या लॉकमध्ये बोट शिरली तेव्हा मला तेच आठवलं.

सगळा कालवा ८० किलोमीटरचा. आम्ही अर्धी फेरी घेतली होती: पॅसिफिककडून मिराफ्लोरेस आणि पेद्रो मिगेल ही दोन लॉक चढून गांबोआ गावापर्यंत. लहान बोटीला शक्यतो मोठ्या जहाजासोबतच आत घेतात, त्यामुळे बराच वेळ ताटकळलो. परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका.

लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला प्रचंड हौद, ३३.५ मीटर रुंद आणि ३०५ मीटर लांब. पुढे मालवाहू जहाज, त्याला दोन्ही काठांवरच्या इंजिनांनी तारांनी धरलेलं. मागची दारं मिटली. पंपाचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन उभा होतो. आला नाही, कारण पंप नाहीतच! समुद्रापेक्षा २६ मीटर उंचावरच्या ‘गातून’ नावाच्या तलावाचं पाणी भिंतींतल्या बोगद्यांतून उताराने येतं आणि तळातल्या भोकांतून वर उसळतं. १९१४ पासून हे असंच चालू आहे. बोटीभोवती पाणी खदखदत होतं, खलाशी दोर सैल पडू देत नव्हते. आधी नुसती ओली भिंत दिसत होती. मग गवत दिसलं, मग गॅलरीतली माणसं. आठ-दहा मिनिटांत आम्ही वर!

दारांची रचना बघून तर मी थक्क झालो. दोन्ही झडपा वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, म्हणजे पाण्याचाच दाब त्यांना घट्ट आवळतो. दोन्हीकडची पातळी सारखी झाल्याशिवाय त्या उघडत नाहीत. पॅसिफिकची भरती मोठी, म्हणून मिराफ्लोरेसची खालची दारं सर्वांत उंच, सुमारे २५ मीटर.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. एक जहाज कालवा पार करतं तेव्हा सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं, आणि पनामा सिटी पिते त्यातलंही काही याच तलावाचं. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तेव्हा रोजची जहाजं कमी करावी लागली होती. पाण्याच्या पाळीसाठी रात्र जागलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गांबोआला चाग्रेस नदी कालव्याला मिळते. तिलाच अडवून तो तलाव झाला. उतरण्याआधी कठड्यावर वाकून तिचं पाणी डोळे भरून पाहिलं.