लेण्यांना पैसा कुठून आला?

तुम्ही विचारलंत म्हणून. सगळं सोडून निघालेल्या भिक्खूंना सह्याद्रीत लेणी कोरायला पैसा कुणी दिला? आणि नुसत्या भिक्षेवर बौद्ध धर्म या डोंगरांत हजारभर वर्षं टिकला कसा?

नुसत्या भिक्षेवर नाहीच टिकला. पावसाळ्यात भिक्खूंनी तीन महिने एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. सह्याद्रीचा पाऊस झेलायला कातळाइतकं पक्कं छप्पर दुसरं नाही. पण कातळ कोरणं महाग, म्हणून लेणी दिसतात ती घाटवाटांच्या आसपास: नाणेघाट चढलं की जुन्नर, बोरघाट चढलं की कार्ले-भाजे. व्यापारी याच वाटांनी जात आणि ऐपतीप्रमाणे देत. कुणी खांब दिला, कुणी खोली. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने (म्हणजे ग्रीकाने) 'बे पोढियो' दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं, आणि 'बे' हा आपल्या 'बे एके बे'मधलाच! टाक्याचं तोंड लहान आणि पोट मोठं असतं, म्हणून उन्हाळ्यात पाणी कमी उडतं. डोंगरउतारावरच्या पन्हळींतून ते भरतं. त्या गाळाने बुजल्या की तेच पाणी लेण्यात घुसतं.

पण लेणं दिलं म्हणजे भागलं नाही, दरवर्षीचा खर्च उरतोच. त्याची सोय नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीतच कोरलेली आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० काहापण (त्या काळची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांकडे ठेवले: एका श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या संघाकडे, २,०००, महिना शेकडा १ व्याजाने; दुसरीकडे १,०००, पाऊण टक्क्याने. आता हिशोब करून बघा. २,००० चं वर्षाचं व्याज २४०. वर्षावासाला २० भिक्खू, प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे भिक्खूच्या वस्त्रासाठी, १२. बरोबर २४०, एकही नाणं उरत नाही! मुद्दलाबद्दल लेखात स्पष्ट शब्द आहेत: 'अपडिदातवा वधिभोजा', परत द्यायचं नाही, फक्त व्याज उपभोगायचं. शिवाय चिखलपद्र गावची ८,००० नारळीची झाडं. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, म्हणजे पुढे कुणी नाकबूल होऊ नये.

अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. जुन्नरचं कोरीवकाम तिसऱ्या शतकाच्या सुमारास थांबलं. बंदरांजवळच्या कान्हेरीला मात्र पुढेही दाते मिळत राहिले. नवव्या शतकात, कोकणच्या शिलाहार राजांच्या काळी, गौड देशाहून (म्हणजे बंगालहून) आलेल्या अविघ्नाकराने तिथे १०० द्रम्म (तेव्हाची नाणी) ठेवले, तेही अक्षयनीवी म्हणूनच.