सायकलचे दात

साठ पाउंडाला घेतली. विकणारे आजोबा म्हणाले १९७४ ची रॅले आहे (रॅले म्हणजे नॉटिंगहमची सायकल कंपनी), फाइव्ह थ्री वन ट्यूबिंग, माझ्या मेव्हण्याची होती, त्याने कधी पावसात काढली नाही. आम्ही दोघं तेव्हा पावसातच उभे होतो. रविवारी सकाळी सात वाजता, इंग्लंडमधल्या डर्बी शहराच्या बाहेर एका मैदानात, कार बूट सेल म्हणजे लोक गाडीच्या डिकीत घरातलं जुनंपानं भरून आणतात आणि चिखलात मांडून बसतात, आपल्या पुण्यातल्या जुन्या बाजाराचाच भाऊ. सीटच्या नळीवर ५३१ चा स्टिकर खरंच होता. मी पैसे दिले. बायकोला फोटो पाठवला तर तिचा एकच शब्द आला, "चौथी".

ज्यांना या रोगाची लागण नाही त्यांच्यासाठी सांगतो, ५३१ म्हणजे बर्मिंगहमच्या रेनॉल्ड्स कंपनीची पोलादी नळी, मँगनीज-मॉलिब्डेनमवाली, १९३५ पासूनची. हिची खुबी अशी की नळी टोकांना जाड आणि मधे पातळ (याला डबल बटेड म्हणतात), जिथे जोड येतो तिथे ताकद, बाकी ठिकाणी वजन कमी. रेसिंग सायकलवर ५३१ चा स्टिकर असला की किंमत सरळ दुप्पट होते, कधी त्याहून जास्त. आणि स्टिकर आजकाल नवेही छापून मिळतात, पाच-सात पाउंडात घरपोच. हे मला माहीत होतं, तरीही मी पैसे दिले.

घरी येऊन बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा सांगलीला असतात, आयुष्य किर्लोस्करवाडीत लेथवर गेलं, सायकल म्हणजे जिव्हाळ्याचा विषय. म्हटलं बाबा, १९७४ ची रॅले मिळाली. तर म्हणाले, "कोण म्हणतं?" म्हटलं विकणारा. "मग दात बघितलेस का?"

आता हे दात प्रकरण असं की बाबा लहानपणी आजोबांबरोबर खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात जायचे. तिथे खोंड आदत आहे, दोन दाती आहे, चौसा आहे की जुळलेला आहे म्हणजे दातांवरून त्याचं वय किती, हे ओठ वर करून बघायचं असतं, मालक काय वाट्टेल ते सांगेल. "विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं रे, बैलाच्या तोंडात बघायचं," इति बाबा. "उलटी कर आधी सायकल."

केली उलटी. सीट आणि हँडलवर उभी, चाकं आभाळाकडे, पंक्चरवाल्याकडे असते तशी. पायडलचा आस जिथून जातो त्या आडव्या नळकांड्याच्या खाली, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या पोटाला, चाळीस-पन्नास वर्षांचं ग्रीस आणि चिखल मिळून काळी वडी झालेली होती. इथे पॅराफिन म्हणून जे मिळतं ते आपलं रॉकेलच, ते आणि जुना टूथब्रश घेऊन अर्धा तास घासलं. आकडे दिसले पण रंगाखाली बुजलेले, त्यात ३ का ८ काही कळेना, मग कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, लहानपणी नाण्यांचे ठसे काढायचो ना, तसं. आलं वर. एन, ए, ४ आणि पुढे सहा आकडे.

रॅलेचं सत्तरच्या दशकापासूनचं गणित सोपं आहे. पहिलं अक्षर कारखान्याचं, एन म्हणजे नॉटिंगहम. दुसरं महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी. आणि पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा. चार. मी टाळी वाजवली, बघा बाबा १९७४! बाबा शांतपणे म्हणाले, "किंवा १९८४."

झालं. दशक कुठेच लिहिलेलं नाही. पहिलं अक्षर डब्ल्यू असतं तर प्रश्नच मिटला असता, कारण डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप गाव, जिथे रॅलेचा कार्लटन सायकलींचा कारखाना होता, आणि तो १९८१ मधे बंद झाला, म्हणजे डब्ल्यूच्या पुढचा चार हा ७४ चाच. पण माझा एन. नॉटिंगहमचा कारखाना २००२ पर्यंत चालू होता, आता तिथे युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आहे, इथून गाडीने अर्धा तास. तिथे जाऊन कुणाला विचारणार?

मग पार्टस् बघायला लागलो. इथे एक गोष्ट लोक हमखास चुकवतात. एका पार्टवर वर्ष सापडलं की तेच सायकलचं वर्ष म्हणून मोकळे होतात. अहो पार्ट बदलतात. चेन, टायर, ब्रेकचे रबर, सीट, हे तर कपड्यासारखं, यांच्यावरून काहीच ठरवू नका. चाकं पण बदलतात. माझ्याच सायकलचं पुढचं चाक बदललेलं निघालं आणि ते मला ब्रेकवरून कळलं. मागचे ब्रेकचे रबर पट्टीच्या खाचेत मधोमध बसलेत आणि पुढचे खाचेच्या पार तळाला ओढून लावलेत, असं का बरं? टायरवरचं वाचलं तर मागे २७ बाय सव्वा आणि पुढे ७००सी. रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास मागे ६३० मिलिमीटर, पुढे ६२२, म्हणजे पुढची रिम खाली चार मिलिमीटर लांब, तेवढं अंतर कुणीतरी रबर खाली सरकवून भागवलेलं. २७ इंची चाकं हे इंग्लिश सायकलींचं जुनं माप, ऐंशीच्या दशकात हळूहळू ७००सी ने त्याला खाल्लं. तेव्हा मागचं चाक बहुतेक मूळचं आणि पुढचं कुणा दुसऱ्याचं, असं धरलं.

मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो तो पार्ट, जपानच्या शिमानो कंपनीचा. हा माझा आवडता भाग आहे कारण शिमानोने १९७६ पासून आपल्या पार्टवर दोन अक्षरं ठोकायला सुरुवात केली, पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे ७६, बी म्हणजे ७७, असं झेडपर्यंत, झेड म्हणजे २००१. महिने ए ते एल. मोबाईलचा टॉर्च दातात धरून, मान वाकडी करून, डिरेल्युअरच्या पाठीमागे चाकाच्या बाजूला बघितलं तर तांदळाच्या दाण्याएवढं एच जे. बोटांवर मोजलं, ए बी सी डी ई एफ जी एच, १९८३. जे म्हणजे ऑक्टोबर. जपानमधून ऑक्टोबरमधे निघालेला माल बोटीने नॉटिंगहमला पोचून जानेवारीत सायकलवर चढला, हे अगदी जमतंय. पण सायकल ७४ ची असून डिरेल्युअर दहा वर्षांनी बदलला असंही जमतंयच की.

म्हणून जे सहसा कुणी बदलत नाही तिकडे जायचं. म्हणजे फ्रेम. मागच्या दोन्ही कानांमधलं अंतर, जिथे चाकाचा आस बसतो, ते मोजलं, १२६ मिलिमीटर. मागच्या चाकाला पाच दातेरी चकत्यांचं फ्रीव्हील असायचं तेव्हा हे १२० असायचं, सहा चकत्या आल्या तेव्हा १२६ झालं. १९७४ ची साधी रॅले पाचचीच असणार. अर्थात पोलादी फ्रेम हाताने पसरवताही येते, म्हणून यावरही पूर्ण विसंबलो नाही. मग सीटच्या नळीच्या अगदी खाली, चिखलाच्या आड, एका चौकोनी स्टिकरचा अर्धा तुकडा मिळाला, त्यावर बीएस ६१०२. हे ब्रिटिश स्टँडर्ड आहे, सायकलींसाठीचं, १९८१ सालचं. ७४ च्या सायकलला ८१ चं स्टँडर्ड कुठून लागणार? आणि एवढा खाली, एवढा फाटका स्टिकर कुणी मुद्दाम आणून लावत नाही. नंबर, डिरेल्युअर, १२६ आणि हा तुकडा, चौघं एकमेकांना न विचारता एकच सांगतायत. जानेवारी १९८४.

दहा वर्षं गेली माझी एका संध्याकाळीत.

आता राहिला ५३१. यासाठी सीटचा दांडा बाहेर काढावा लागतो आणि तो गंजून नळीत असा रुतलेला होता की दोन दिवस तेल पाजलं, उकळतं पाणी ओतलं, शेवटी सीट पान्यासारखी धरून दोघांनी पिरगाळला तेव्हा कर्र करत निघाला. (दोघांनी म्हणजे मी आणि बायको. तिने काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.) दांड्यावर माप कोरलेलं असतं, माझ्यावर २५.८. बाबांच्या व्हर्निअरने नळीचा बाहेरचा व्यास घेतला, २८.६. वजाबाकी करा, भागिले दोन करा, नळीच्या भिंतीची जाडी जवळजवळ १.४ मिलिमीटर. चांगल्या डबल बटेड ५३१ ला या जागी २७.२ चा दांडा लागतो, कारण तिची भिंत तिथे याच्या निम्मीच असते. ही आपली साधी जाड पोलादी नळी, वर्षानुवर्षं कामाला जाणाऱ्या माणसाची. स्टिकर नखाने उचकटला, अख्खा निघाला. खाली मूळचा रंग अजून चकचकीत आणि भोवती फिकट. जुना असता तर त्याच्याखालचीच चौकट तेवढी जपली गेली असती, पण इथे चकचकीत भाग स्टिकरपेक्षा चांगला मोठा आणि वेगळ्याच आकाराचा, म्हणजे आधी तिथे भलतंच काहीतरी लिहिलेलं होतं ते खरवडून काढलंय.

त्या आजोबांनी फसवलं असं माझं म्हणणं नाही. मेव्हण्याने सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं असेल. मी जर स्टिकर बघायच्या आधी खिशातला व्हर्निअर काढला असता तर चाळीसला मिळाली असती, बस.

यात एक मजा कळली ती सांगतो. रेनॉल्ड्स आणि रॅले हे दोघेही ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स (टीआय) नावाच्या एकाच मालकाकडे होते, रॅले त्यांनी १९६० ला घेतली. याच टीआयने १९४९ मधे मद्रासच्या मुरुगप्पा मंडळींबरोबर टीआय सायकल्स काढली, आपली हर्क्युलिस त्यांचीच, म्हणजे शाळेत असताना माझ्याकडे जी हर्क्युलिस होती ती या रॅलेची लांबची चुलत बहीणच. आणि इटालियन सायकल कुणी घेणार असेल तर कांपान्योलोच्या जुन्या न्यूओवो रेकॉर्ड डिरेल्युअरवर पेटंट आणि पुढे ७४ वगैरे असतं, तो पेटंटचा आकडा नाही, बनवल्याचं वर्ष आहे. आपल्याला ते परवडत नाही त्यामुळे पुढे.

हे सगळं बाबांना रोज फोनवर सांगत होतो तर चौथ्या दिवशी ते म्हणाले, आपल्या माडीवर आजोबांची रॅले आहे, तिचं बघ की. ही सायकल म्हणजे आमच्या घरातलं दैवत. दसऱ्याला झेंडूची माळ तिला आधी, मग स्कूटरला. आजोबांनी ती स्वातंत्र्याच्या वर्षी घेतली, १५ ऑगस्टला तिच्यावर बसूनच गावात साखर वाटली, ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय. तीन गिअरची आहे, मागे स्टर्मी-आर्चर कंपनीचा हब, म्हणजे चाकाच्या मधला डबा, गिअर त्याच्याच पोटात. म्हटलं बाबा, मग सोपंय, हबच्या पोटावर आरे जिथे संपतात तिथे मधे घासा, स्टर्मी-आर्चरने हबवरच वर्ष आणि महिना ठोकलेला असतो.

रॉकेल आता मिळत नाही म्हणून त्यांनी थिनर आणला. रात्री फोटो आला, बाबांचा अंगठा, अंगठ्याला काळं, आणि शेजारी स्वच्छ, अजिबात न झिजलेलं: एडब्ल्यू ५३ २.

मी बराच वेळ काहीच टाईप केलं नाही. एडब्ल्यू हे हबचं मॉडेल, बाकी फेब्रुवारी १९५३. साखर कशावर बसून वाटली मग?

दहा मिनिटांनी बाबांचाच मेसेज आला. "चाक बदललं असेल. तूच म्हणालास ना, चाकं बदलतात."