कोठ्यावरची क्षेत्रभेट

'लॉकडाऊनचे दिवस तुम्हाला आवडले होते म्हणे?' हा प्रश्न मला गेली काही वर्षे अधूनमधून विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडे नवल व थोडी नाराजी असते. चूक माझीच आहे. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एकदा शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता मी बोलून गेले, की मला तर बाई ते दिवस बरे गेले. ते वाक्य तिथून निघाले, मुलीच्या मैत्रिणींत आणि बहिणीच्या सासरी जाऊन आमच्या गल्लीत परत आले, आणि एवढ्या प्रवासात 'बरे गेले'चे 'आवडले' झाले. परवा तुम्हीही विचारलेत, म्हणून या वेळी हसून वेळ मारून न नेता नीट सांगते.

मी अंबाजोगाईत माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. 2020 साली दहावीचा जो पेपर व्हायचा राहिला तो माझाच. 23 मार्चला, सोमवारी, 40 गुणांचा भूगोल होता. दोन दिवस आधी तो पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, एप्रिलमध्ये तो रद्दच झाला आणि मुलांना बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण देण्यात आले. माझी मुलगी त्याच वर्षी दहावीला होती. आईने बावीस वर्षे शिकवलेला विषय रद्द झाल्याची बातमी ऐकून ती घरभर नाचली, आणि तिचे नाचणे पाहून मला राग येण्याऐवजी हसू आले, हेही कबूल करते.

24 मार्चच्या रात्री आठ वाजता एकवीस दिवसांची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता. साखरेचे हार आणायचे राहून गेले होते, म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गुढीला लिंबाचा डहाळा आणि सुईदोऱ्याने ओवलेल्या बत्ताशांची माळ बांधली. ती माळ मुंग्यांनी दुपारपर्यंत संपवली.

आमचे घर दोन खोल्यांचे आणि स्वयंपाकघराचे. माणसे पाच आणि बरा म्हणावा असा मोबाइल एक. माझे यजमान मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडत दुकानी हिशेब लिहीत. मोंढा बंद झाला, मग अधूनमधून उघडू लागला, आणि त्यांचा पगार अर्ध्यावर आला तो दिवाळीपर्यंत तसाच राहिला. दिवसभर घरात बसण्याची सवय नसलेला माणूस घरात बसला, की तो डबे मोजतो. डाळ किती उरली, तेल किती गेले, सिलिंडर कधी लावला, याची नोंद त्यांनी अडतीच्या जुन्या वहीत सुरू केली, आणि तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी ती वही चुलीपुढच्या लाकडांत नेऊन ठेवली. त्यावरून झालेला अबोला दोन दिवस टिकला. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने येणारे पाठ मी रोज सकाळी मुलांना मोबाइलवर पाठवत असे, तेव्हा मुलाला त्याच मोबाइलवर खेळ खेळायचा असे आणि मुलीला मैत्रिणींशी बोलायचे असे. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तसा मोबाइलच नव्हता, त्यामुळे मी कोणाला शिकवते आहे हे मलाच कळत नव्हते. घरात एकत्र राहण्याच्या आनंदाबद्दल त्या काळात पुष्कळ लिहिले गेले. आमच्या घरात तो आनंद कुरडयांच्या दिवशी तेवढा नक्की होता. तीन दिवस भिजलेले गहू वाटून काढलेला चीक मोठ्या पातेल्यात रटरटत होता, यजमान काठीने तो घोटत होते, आणि आत्याबाई त्यांना 'गाठ होऊ देऊ नको, तुझा हिशेब नाही हा' असे बजावत होत्या. गरम चीक वाटीत घेऊन आम्ही पाचही जण गच्चीवर एका चादरीच्या सावलीत बसलो होतो.

आता ज्याबद्दल तुम्ही मुळात विचारता ते सांगते. आमची साडेतीन एकर जमीन घाटनांदूरच्या अलीकडे, अंबाजोगाईपासून तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. ती कित्येक वर्षे वाट्याने दिलेली होती, आणि सण, पाहुणे किंवा वाटणीचा कागद यापलीकडे मी तिथे कधी गेले नव्हते. त्या उन्हाळ्यात वाटेकऱ्याचे गुडघे दुखू लागले आणि शेणखत पसरायचे, बांधावरच्या बाभळी छाटायच्या, हराळी वेचायची अशी कामे पडून राहिली. शेतीच्या कामाला मुभा होती. सातबारा खिशात घालून यजमान आधी एकटे गेले, मग आत्याबाईंना घेऊन गेले, आणि एप्रिलच्या शेवटी आम्ही सगळेच दोन खेपांनी मोटारसायकलवर कोठ्यावर जाऊन आठ-आठ दिवस राहू लागलो. कोठा म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे गुरांसाठी सपार आणि उशाला कडब्याची गंज.

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. मी तो दरवर्षी फळ्यासमोर उभी राहून शिकवते: नियोजन, प्रश्नावली, निरीक्षण, अहवाल. प्रत्यक्ष क्षेत्रभेट मी एकदाही नेली नव्हती, कारण कधी गाडी मिळत नसे तर कधी परवानगी. मुलीने कोठ्यावरच्या खेपांना 'आईची क्षेत्रभेट' असे नाव ठेवले आणि ते चिकटले. पहिल्याच संध्याकाळी तिने मला विचारले, की आपल्या शेतातले पाणी पावसाळ्यात कुठे जाते. बालाघाटाच्या उत्तर उतारावरचे पाणी गोदावरीकडे जाते, दक्षिणेकडचे मांजरेला मिळते आणि मांजराही शेवटी गोदावरीलाच मिळते, हे मी झोपेतही सांगेन. त्याच पुस्तकात भारतासोबत ब्राझील आहे, त्यामुळे ॲमेझॉनच्या उपनद्याही मला पाठ आहेत. पण आमच्या बांधाला लागून जाणारा नाला पुढे कुठे जातो ते मला ठाऊक नव्हते.

तो नाला आम्ही पायी शोधला. मेच्या सुरुवातीची गोष्ट असेल; ऊन उतरल्यावर पाच वाजता निघालो. कोरड्या नाल्यातून चालताना आत्याबाई पुढे होत्या आणि मी, भूगोलाची शिक्षिका, मागे. वरची जमीन काळी, मग मुरमाड, मग पाणी धरून ठेवणारे चिबड रान, हे त्या पायाखालच्या मातीवरून सांगत होत्या. एका वळणावर टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना जागच्या जागी थांबवले. दोन मिनिटे शोधूनही मला काही दिसेना. मग मुलाने बोट दाखवले: उघड्या मुरमावर, बारीक खड्यांच्या घेऱ्यात, खड्यांच्याच रंगाची चार अंडी होती, निमुळती टोके आत एकमेकांकडे वळवून ठेवल्यासारखी. 'चार म्हणजे चार महिने पाऊस,' आत्याबाई म्हणाल्या. माझा यावर विश्वास नाही, परंतु मी अंडी पुन्हा एकदा मोजली.

नाला एका पाझर तलावाला जाऊन मिळत होता. तलावात पाणी नव्हते, भेगाळलेला गाळ होता. आत्याबाई पाळूवर चढून बसल्या, पदराने तोंड पुसले आणि सहज आवाजात म्हणाल्या, 'ह्या पाळूत माझ्या बी पाट्या हायेत.' 1972 च्या दुष्काळात त्या चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या. या दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली, माती वाहिली आणि मजुरांना मिळणारे कोरडे खाणे, म्हणजे सुकडी, घरी लहान भावांसाठी नेली. मी त्यांच्या घरात तेवीस वर्षे राहत होते आणि हे मला माहीत नव्हते. त्यांनी सांगितले नव्हते असे नाही. मला वाटते, ऐकायला सलग दोन तास कोणाकडे नव्हते. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. मुलीने सुकडी कशी लागते ते विचारले, आणि आत्याबाईंनी बराच विचार करून उत्तर दिले, 'भूक लागल्यावानी.'

'बरे गेले' म्हणताना माझ्या मनात होत्या त्या या संध्याकाळी. पण त्यांच्या शेजारीच दुसरेही काही घडत होते, ते गाळले तर मी तुम्हाला खोटे उत्तर दिल्यासारखे होईल.

आमच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधाला, लागून ज्यांचे एक एकर रान आहे ते नवरा-बायको दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आधीच घरात खर्च झालेली असते, आणि ती फिटेपर्यंत हंगाम सोडता येत नाही. त्या वर्षी ते कारखान्यावरच अडकले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सरकारने ऊसतोड कामगारांना तपासणी करून गावी परतण्याची परवानगी दिली, तेव्हा ते दोन मुलांसह आले. गावाने मात्र त्यांना वेशीतून आत न घेता चौदा दिवस रानातल्या खोपीत राहायला सांगितले. खोप म्हणजे चार बांबू आणि वर उसाचे पाचट. विहीर आमच्या हद्दीत होती. आत्याबाईंनी धुऱ्यावरच्या एका सपाट दगडावर घागर ठेवायची, दहा पावले मागे यायचे, मग पलीकडून ती बाई येऊन घागर नेई. भाकरी आणि शेंगांची चटणीही त्याच दगडावरून जाई. घागर आम्ही परत घेताना राखेने घासत होतो, आणि ती बाई तिकडून ते पाहत असे. मी पुढे घागर विहिरीआड नेऊन घासू लागले, एवढाच काय तो माझ्या शहाणपणाचा भाग. त्यांचा थोरला आणि आमचा मुलगा एकाच वयाचे. दोघे धुऱ्याच्या दोन बाजूंनी समांतर पळण्याची शर्यत लावत, आणि जिंकणारा कोण यावर एकमेकांना न शिवता भांडत.

रात्री वारा तिकडून असला, की घाटनांदूरकडून मालगाडीचा भोंगा ऐकू येई. प्रवासी गाड्या बंद असल्यामुळे परळीच्या रस्त्याला जाणारा तो एकच आवाज उरला होता, आणि मुलाला तो आवडे. 8 मेच्या सकाळी यजमानांच्या मोबाइलवर बातमी आली. जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे मजूर करमाडजवळ रुळांवरच झोपले होते आणि पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटले होते. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र मुलीने आधी पाहिले आणि मोबाइल उलटा करून ठेवला. त्या दिवशी आम्ही फिरायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो. भोंगा वाजला, की मुलगा त्यानंतर मोठ्या माणसांच्या तोंडाकडे पाहू लागला.

जूनमध्ये पाऊस वेळेवर आला. आम्ही पेरलेल्या सोयाबीनपैकी निम्मे उगवलेच नाही. त्या वर्षी मराठवाडाभर तशा तक्रारी झाल्या. बियाण्याच्या पिशवीवरच्या नंबरावर फोन केला तर तो कोणी उचलला नाही, आणि दुबार पेरणीला आत्याबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. 2021 च्या उन्हाळ्याबद्दल कृपया मला विचारू नका. तेव्हा आमचा एक चुलत दीर एकोणीस दिवसांत गेला, आणि त्या एप्रिलमध्ये आम्ही कोठ्याकडे फिरकलोही नाही.

माझ्या त्या वाक्याची मला पुढे पुष्कळ लाज वाटत राहिली. महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्या, चौदा किलोमीटरवर विहीर असलेल्या बाईने 'बरे गेले' म्हणावे हे शोभत नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी धुऱ्यापलीकडची बाई बोचकी बांधत होती. मी तिला मदतीला गेले असताना ते दिवस निघाले. मी चाचरतच त्या घागरीबद्दल बोलू लागले, तर तिने मला मध्येच थांबवले. 'वैनी, आमाला तर लई बरं गेलं बगा ते. लगीन झाल्यापासून सलग चौदा दिस मला कुनी कामाला हाक मारली न्हाई ते तेवढंच. लेकरं तर दिसभर निजायची.' एवढे बोलून तिने बोचक्याची गाठ दातांनी ओढून घट्ट केली आणि दोन शेळ्या मार्चपर्यंत आमच्या सपारात ठेवता येतील का, ते विचारले.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझे आजचे उत्तर असे, की 'बरे गेले' हा शब्द मी मागे घेत नाही; 'आवडले' मात्र मी म्हटलेच नव्हते. आम्ही अजूनही रविवारी कोठ्यावर जातो. आत्याबाईंना आता पाळूवर चढवत नाही, म्हणून त्या नाल्याच्या तोंडाशी बसतात आणि आम्ही वर जाऊन येतो. यंदा दहावीच्या मुलांची क्षेत्रभेट त्या पाझर तलावावर न्यायची असे मी ठरवले आहे आणि तसा अर्ज जुलैमध्ये वर पाठवला आहे. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न मुलीने लिहून दिला आहे: 'तुमच्या घरावर पडणारे पावसाचे पाणी कुठे जाते?' अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. शेळ्यांची सोय मात्र झाली.